अरबी व्यंजन जाड झालं की शेजारच्या स्वराचं काय होतं

कैरोच्या बोलीत 'तॅब' म्हणजे त्याने पश्चात्ताप केला. 'ताब' म्हणजे तो बरा झाला; फळाबद्दल बोलत असाल तर पिकलं, रश्श्याबद्दल असाल तर शिजला. मराठी कानाला या दोन शब्दांतला फरक शोधावाही लागत नाही. एकात 'बॅट'मधला ॲ आहे, तोही जरा लांबवलेला, आणि दुसऱ्यात 'बाप'मधला आ. पण हेच एखाद्या कैरोकराला विचाराल तर तो म्हणेल, स्वर तर दोन्हीकडे एकच आहे, अलिफ, म्हणजे आ-चं अक्षर. वेगळं आहे ते पहिलं अक्षर. एकात साधा ता, दुसऱ्यात जाड ता.

दोघांचंही बरोबर आहे. अरबी लिपी, अरबी व्याकरण आणि अरबी माणसाची स्वतःची समजूत, तिन्ही सांगतात की फरक व्यंजनाचा आहे, आणि तो खरोखर व्यंजनापासूनच सुरू होतो. पण कानावर पडतो तो मुख्यतः शेजारच्या स्वरातून. नव्याने अरबी शिकणारा माणूस व्यंजनावर मेहनत घेतो, जिभेला पीळ देतो, घशाला ताण देतो, आणि स्वर मात्र घरचाच ठेवतो. मग समोरच्याला कळत नाही की याने पश्चात्ताप केला की याची भाजी शिजली. माझं म्हणणं एवढंच, की ही अक्षरं ऐकायची किंवा बोलायची असतील तर कान आधी स्वराकडे लावावा.

प्रमाण अरबीत अशी जाड व्यंजनं चार. स़ाद, द़ाद, त़ा आणि ज़ा. या लेखापुरता मी जाड अक्षराखाली नुक्ता देतो आहे. ही काही रूढ पद्धत नव्हे, पण देवनागरीत दुसरी सोय नाही. पहिल्या तिघांचे पातळ जोडीदार म्हणजे आपले रोजचे स, द, त. चौथ्याचा जोडीदार म्हणजे इंग्रजी 'दिस', 'दॅट'मध्ये जिभेचं टोक दातांत धरून काढतात तो आवाज. 'जाड' आणि 'पातळ' हे शब्द माझे नाहीत. कुराणपठणाच्या शास्त्रात, म्हणजे तज्वीदमध्ये, या प्रकाराला तफखीम म्हणजे जाड करणं, आणि उलट प्रकाराला तरकीक म्हणजे पातळ करणं असं म्हणतात. भाषाशास्त्राच्या पुस्तकांतल्या लांबलचक संज्ञांपेक्षा मला हेच शब्द बरे वाटतात.

हा आपला ट नव्हे

मराठी माणूस इथे हमखास एका ठिकाणी फसतो, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही. आपला ट रोमन लिपीत दाखवताना टी या अक्षराखाली टिंब देतात. अरबीतला जाड त दाखवतानाही टीखाली टिंबच देतात. खूण एक, आवाज मात्र दोन. ट म्हणताना आपल्या जिभेचं टोक वर वळतं आणि टाळूकडे मागे जातं. त़ा म्हणताना टोक जागचं हलत नाही. ते तिथेच दातांपाशी टेकतं, जिथे साध्या त-साठी टेकतं. हलतं ते जिभेचं बूड.

कानाला मात्र दोन्ही जवळचे वाटू शकतात. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने 1957 साली अरबीच्या या जाड व्यंजनांवर एक निबंध लिहिला. आवाजातले वरचे सूर खाली ओढले गेले की कानावरचा परिणाम एकच, मग ते घसा आवळून होवो, ओठ गोल करून होवो की जीभ वळवून होवो, असा त्याचा सिद्धांत होता. त्या हिशेबाने ट आणि त़ा एकाच कुळातले ठरतात. उझबेक आणि आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्यांकडून अरबी जाड अक्षरं ओठ गोल करून म्हटली जातात, याकडेही त्याने लक्ष वेधलं होतं. तेव्हा ट ऐकणारे आपण एकटे नाही. प्रत्येक जण आपल्याकडे असलेला सर्वांत जवळचा आवाज ऐकतो.

आणखी एक बारकावा आपल्या कामाचा आहे. अनेक बोलींत साधा त किंचित श्वास सोडून म्हणतात, पुरता थ नव्हे, पण थ-च्या दिशेने. जाड त़ा-मध्ये हा श्वास जवळजवळ नसतो. त आणि थ वेगळे ऐकण्यात आपला हातखंडा असल्यामुळे ही खूण मराठी कानाला इंग्रज किंवा फ्रेंच माणसापेक्षा आधी सापडायला हरकत नाही. मोरोक्कोत तर साधा त इतका मोकळा होतो की तो 'त्स'सारखा ऐकू येतो, आणि त़ा मात्र घट्ट त राहतो.

तोंडाच्या आत

आता स्वराकडे. आ, ई, ऊ यांत फरक कशामुळे पडतो? गळ्यातला मूळ आवाज एकच असतो. जीभ पुढे-मागे, वर-खाली सरकली की तोंडातल्या पोकळ्यांचे आकार बदलतात, आणि प्रत्येक पोकळी आपापला सूर उचलून धरते. नळाखाली कळशी भरताना आवाज वर वर चढत जातो, कारण आतली हवेची जागा कमी होत जाते. जागा मोठी असेल तर सूर खालचा, लहान असेल तर वरचा. ई म्हणताना जीभ पुढे टाळूला भिडलेली असते, तिच्या पुढची जागा इवलीशी उरते, म्हणून ई-मध्ये एक उंच, तीक्ष्ण सूर ऐकू येतो. आवाजाचा अभ्यास करणारे याला दुसरा अनुनाद म्हणतात.

जाड व्यंजन म्हणताना जिभेचं मूळ मागे घशाच्या भिंतीकडे सरकतं. घसा आवळतो आणि तोंडाची पुढची जागा मोठी होते. दुसरा अनुनाद खाली घसरतो, त्याच्या खालचा पहिला थोडा वर चढतो. पुरुषाच्या आवाजात पातळ व्यंजनाशेजारच्या दीर्घ आ-चा दुसरा अनुनाद साधारण 1500 ते 1700 हर्ट्झच्या आसपास असतो; जाड व्यंजनाशेजारी तोच 1000 ते 1200 पर्यंत उतरतो. माणूस आणि बोली बदलली की आकडे बदलतात, पण उतार प्रत्येक वेळी एवढा ठळक असतो की यंत्राच्या आलेखावर तो नवख्यालाही दिसतो. 'तॅब' आणि 'त़ाब' यांत आपल्याला ॲ आणि आ ऐकू येतात ते याच उतारामुळे.

पण स्वराने का बदलावं? जाडपणा व्यंजनाचा, मग व्यंजन संपलं की जीभ जागेवर का जात नाही? कारण जिभेचं टोक चपळ आहे, बूड नाही. टोक क्षणात उठतं, टेकतं, सुटतं. मागचा जाड भाग सावकाश हलतो. तो व्यंजनाच्या आधीच निघालेला असतो आणि नंतर बराच वेळ मागे रेंगाळतो. मधला स्वर त्याच अवस्थेत उच्चारला जातो. 1970च्या दशकात इराकी आणि ट्युनिशियाई भाषकांची बोलतानाची क्ष-किरण चित्रं घेऊन ही हालचाल पाहिली गेली, तेव्हा घसा आवळलेला स्पष्ट दिसला.

ऐकणाऱ्याच्या बाजूनेही हे तपासून झालं आहे. 1968 साली डीन ऑब्रेक्ट यांनी लेबनॉनच्या भाषकांना यंत्राने तयार केलेले आवाज ऐकवले आणि दुसरा अनुनाद वर-खाली केला की व्यंजन जाड की पातळ याचा श्रोत्यांचा निवाडाही बदलतो, हे दाखवलं. म्हणजे कैरोकर 'अक्षर वेगळं आहे' म्हणतो तेव्हा त्याचा कानही हिशेब स्वरावरूनच मांडत असतो. फक्त त्याला ते जाणवत नाही.

ई-ची कुरकुर

तीन स्वरांना जाडपणा सारखा झोंबत नाही. आ तर लगेच शरण जातो. त्याच्यासाठी जीभ खाली सैल पडलेली असते, मागे ओढली तरी काही बिघडत नाही. ऊ-ची जीभ आधीच मागे असते, त्यामुळे तिथे फरक ऐकायला कान तयार लागतो. खरी ओढाताण ई-ची. ई-ला जीभ पुढे आणि वर हवी, जाड व्यंजनाने ती मागे धरलेली. तडजोड अशी होते, की स्वराची सुरुवात मागून होते आणि जीभ सुटली की तो ई-कडे सरकतो.

अरबीत 'तीन' म्हणजे अंजीर. 'त़ीन' म्हणजे चिखल, माती. दुसरा शब्द नीट ऐकला तर त़ आणि ई-च्या मधे एक अस्पष्ट अ किंवा ए लागल्यासारखा वाटतो: 'त़ᵊईन' असं काहीतरी, झरकन. तसंच 'सैफ' म्हणजे तलवार, हे नाव आपल्याकडेही ऐकून माहीत असतं. 'स़ैफ' म्हणजे उन्हाळा. प्रमाण उच्चारात पहिल्यातला ऐ हलका, जवळजवळ 'सेय्फ', तर दुसऱ्यातला 'साय्फ'कडे झुकलेला.

असे जोड अरबीत पुष्कळ आहेत. 'सॅर' तो चालला, 'स़ार' तो झाला. 'सॅब्ब' त्याने शिवी दिली, 'स़ब्ब' त्याने ओतलं. 'दर्ब' वाट, 'द़र्ब' मार. माणूस घाईत बोलत असला, फोनवर आवाज फाटत असला, तरी अरबी माणूस यांत गोंधळत नाही, कारण खूण फक्त एका क्षणभराच्या व्यंजनात नसून त्याच्या मागेपुढे पसरलेली असते.

पसरतो किती?

'पसरलेली' हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्या. जाडपणा शेजारच्या स्वरावर थांबत नाही. तो त्या स्वराच्या पलीकडच्या व्यंजनावर जातो, मग पुढच्या स्वरावर. 'स़बाह', म्हणजे सकाळ, यात जाड अक्षर लिहिलेलं आहे एकच, पहिलं. पण ब-सुद्धा जाड होतो आणि दोन्ही स्वर 'आ'च्या बाजूचे होतात. कैरोत साधारणपणे अख्खा शब्दच जाड होतो. म्हणून काही अभ्यासकांनी असं सुचवलं, की कैरोच्या बोलीत जाडपणा हा एका अक्षराचा गुण मानूच नये. वॉल्टर लेन यांनी 1963 साली तो निदान पूर्ण अवयवाचा, म्हणजे व्यंजन-स्वर मिळून होणाऱ्या तुकड्याचा, गुण असल्याचं मांडलं. मला हा विचार पटतो, निदान कैरोपुरता तरी.

पॅलेस्टाईनच्या दक्षिणेकडच्या बोलीत मात्र पसरण्याला दिशेचे नियम आहेत आणि ते फार सुबक आहेत. स्टुअर्ट डेव्हिस यांनी 1995 साली त्यांवर लिहिलं. जाड अक्षराच्या आधीचा भाग, मग तो कितीही लांब असो, शब्दाच्या सुरुवातीपर्यंत जाड होतो. नंतरचा भागही होतो, पण वाटेत इ, य, श किंवा ज आला की गाडी तिथेच थांबते.

'खय्यात़' म्हणजे शिंपी. जाड अक्षर शेवटी आहे, मधे य्य आहे, तरी जाडपणा मागे जाताना य-ला जुमानत नाही. शब्द पहिल्यापासून जाड. 'स़य्याद' म्हणजे शिकारी किंवा कोळी. घडण तीच, पण जाड अक्षर सुरुवातीला. जाडपणा पुढे निघतो, पहिला अ घेतो, य्य पाशी अडतो, आणि पलीकडचा 'याद' पातळ राहतो: 'स़य्यॅद'. तसंच 'अत़्शान', म्हणजे तहानलेला: श आडवा आला, पुढचा स्वर पातळ. 'अत़्फाल', म्हणजे मुलं: फ-ला काही हरकत नाही, शेवटपर्यंत जाड. 'मनाफिद़', म्हणजे रक्षापात्रं: द़ अगदी शेवटी, वाटेत इ, तरी मागच्या दिशेने सगळं जाड.

मग इ, य, श, ज हेच का? चारही आवाजांत जिभेचा मधला भाग पुढे आणि वर टाळूकडे खेचला जातो. मागे रेंगाळलेल्या जिभेला तिथून परतावंच लागतं. आणि मागच्या दिशेला ही अडचण का नाही? तिथे जीभ येणाऱ्या जाड अक्षराची तयारी करत असते. बोलणारा पुढचं ओळखून असतो, आणि त्या तयारीपुढे मधली अडचण टिकत नाही. उत्तरेकडच्या पॅलेस्टिनी बोलीत पुढच्या दिशेचे नियम आणखी वेगळे आहेत. एकच नियम सगळ्या अरबीला लावायला गेलं की फसगत होते, ती अशी.

इ-चा हा टाळूकडे ओढण्याचा स्वभाव मराठीला नवा नाही. आपण 'त्याचा' म्हणताना च दातांजवळचा, 'त्स'सारखा काढतो, आणि 'त्याची' म्हणताना तोच च टाळूवर नेतो. कोणी शिकवत नाही, लिपीत दाखवत नाही, चुकतही कोणी नाही. तिथे स्वर व्यंजनाला ओढतो, अरबीत व्यंजन स्वराला.

अर्थात अरबीतही उलटं उदाहरण आहे, आणि ते जगभर ऐकू येतं. 'अल्लाह'मधला ल एरवीच्या अरबी ल-सारखा नसतो. तो जाड असतो, आणि म्हणून पुढचा आ-ही भरदार. पण आधी इ आली की तो पातळ होतो. 'वल्लाह' जाड, 'बिस्मिल्लाह' पातळ. अजान आणि कुराणपठण ज्यांच्या कानावर पडतं त्यांनी हा फरक ऐकलेला असतो, लक्ष दिलेलं नसतं एवढंच. र-चंही असंच: कैरोत 'गॅरी' म्हणजे चालू असलेला, आणि जाड र-चा 'गाऱी' म्हणजे माझा शेजारी. लिहिताना दोन्ही सारखेच.

सीबावैहीला हे माहीत होतं

हे सगळं यंत्रांच्या युगात सापडलं असं वाटेल, पण अरबी व्याकरणाचा आद्य ग्रंथ लिहिणारा सीबावैही 8व्या शतकातच याबद्दल लिहून गेला आहे. तो जन्माने फारसी, शिकला बसऱ्याला. नथीतल्या मोत्यांमुळे आपल्याला माहीत असलेलं तेच बसरा, ज्याच्या अरबी नावातही एक स़ाद आहे. त्याने या चार अक्षरांच्या गुणाला इत़्बाक म्हटलं, म्हणजे जिभेने टाळूवर झाकण घालणं. आपलं 'तबक' याच धातूतलं. तो म्हणतो, इत़्बाक नसता तर स़ाद-चा सीन, म्हणजे साधा स, झाला असता, त़ा-चा दाल, म्हणजे साधा द, ज़ा-चा ज़ाल, म्हणजे तो 'दिस'मधला पातळ आवाज, आणि द़ाद तर भाषेतून गेलाच असता, कारण त्या जागेवरून दुसरं अक्षर निघतच नाही.

यातल्या दोन गोष्टी चमकवतात. त़ा-चा ता नव्हे, दाल झाला असता, म्हणजे त्याच्या काळी त़ा घोष, म्हणजे द-सारखा गळा थरथरवून म्हटलेला, असावा, आजच्यासारखा अघोष नव्हे. आणि द़ाद आजच्यासारखा जाड द नसावा. तो जिभेच्या कडेने, ल-च्या वाटेने निघत असावा. स्पॅनिशमध्ये 'अल्-काद़ी'चा 'अल्काल्दे' झाला, त्यातला आगंतुक ल त्याची साक्ष आहे. हाच काद़ी फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला तो मात्र काजी होऊन, कारण फारसीत द़ाद आणि ज़ा दोन्ही 'झ'सारख्या आवाजात मिळून गेले. अर्ज, हजर, जिल्हा, गरज, नजर हे सगळे त्याच रांगेतले. आखातात वेगळंच झालं: तिथे द़ाद आणि ज़ा एकमेकांत मिसळले, पण जाडपणा राहिला. त्या आवाजासाठी इंग्रजीत डी-एच लिहितात, आणि आपण त्याचा सरळ ध करून रियाध आणि अबू धाबी म्हणतो. त्या नावांत ध कुठेच नाही.

स्वराबद्दलचं सीबावैहीचं निरीक्षण तर आणखी नेमकं आहे. अरबीच्या बऱ्याच बोलींत आ हा ए-कडे झुकतो. याला इमाला म्हणतात. लेबनॉनमध्ये 'बाब' म्हणजे दार, त्याचं 'बेब' ऐकू येतं, 'नास' म्हणजे लोक, त्याचं 'नेस'. सीबावैही सांगतो, सात अक्षरं हा झुकाव अडवतात: आपली चार जाड, आणि घशाजवळची तीन, ख, ग़ आणि क़ (यांचा नुक्ता नेहमीचा, आपल्या जाडपणाचा नव्हे). बाराशे वर्षांनंतरही लेबनॉनचा माणूस 'बेब' म्हणतो आणि 'स़ार'चा आ मात्र तसाच ठेवतो. तज्वीदच्या शिक्षकांचा नियमही हेच सांगतो: अलिफला स्वतःचा जाड-पातळपणा नाही, तो आपल्या आधीच्या अक्षराच्या मागे जातो.

परक्या शब्दांची वाटणी

अरबी माणसाच्या कानात स्वर आणि व्यंजन किती घट्ट बांधलेले आहेत ते उसन्या शब्दांत दिसतं. बाहेरून आलेल्या शब्दात मोठा, मागचा आ असेल तर तो लिहायचा कसा? अरबीत वेगळा स्वर नाही. मग व्यंजन जाड करायचं. बटाटा तिथे 'बत़ात़िस', टोमॅटो 'त़मात़िम', सलून 'स़ालोन', बस 'बास़', इटली 'ईत़ालिया', ब्रिटन 'बरीत़ानिया'. तुर्कीतला 'ओदा', म्हणजे खोली, कैरोत 'ओद़ा' झाला. याउलट टेलिफोन, सिनेमा, टॅक्सी यांना पातळ त आणि स मिळाले. हे शब्द जिथून आले त्या भाषांत जाड त नाही. अरबी कानाने तो स्वरावरून ओळखला.

तुर्कांनी हीच युक्ती उलटी फिरवली. तुर्कीत स्वर आठ, अरबी लिपीत त्यांना पुरेशा खुणा नाहीत. पण तुर्की शब्दांत साधारणपणे सगळे स्वर पुढचे तरी असतात नाहीतर मागचे तरी. म्हणून उस्मानी लिखाणात मागच्या स्वरांच्या शब्दांना स़ाद आणि त़ा लावत, पुढच्या स्वरांच्या शब्दांना सीन आणि ता. 'सु', पाणी, स़ाद-ने; 'साच', केस, स़ाद-ने; 'सेन', तू, सीन-ने; 'स्योझ', शब्द, सीन-ने. तुर्की बोलणाऱ्याच्या तोंडात जाड स नव्हताच. अक्षर व्यंजनाचं, काम स्वराचं. 1928 साली तुर्कस्तानने रोमन लिपी घेतली आणि ही सोय संपली.

माल्टा

स्वराच्या बाजूने सर्वांत पक्का पुरावा भूमध्य समुद्रातल्या एका लहान बेटावर आहे. माल्टाची भाषा अरबीचीच लेक. 9व्या ते 11व्या शतकांत सिसिलीच्या बाजूने तिथे पोचलेली, नंतर इटालियनच्या शेजारात वाढलेली, रोमन लिपीत लिहिली जाणारी. तिच्यात जाड व्यंजनं उरलेली नाहीत. स़ आणि स एक झाले, त़ आणि त एक झाले. मग अंजीर आणि चिखल एकच व्हायला हवे होते. झाले नाहीत. अंजीर 'तीन'च राहिलं, चिखल 'ताइन' झाला. ई-च्या आधी जी अस्पष्ट अ-ची छटा होती ती फुगून पूर्ण आइ झाली. तलवार 'सेइफ', उन्हाळा 'साइफ'. व्यंजन गेलं, स्वराने त्याची जागा सांभाळली.

दीर्घ आ-चंही तेच. माल्टात तो एरवी लांब, ए-ई-च्या मधला होतो: दार 'बीएब', लोक 'नीएस'. पण जाड व्यंजनाशेजारी होता तिथे आ शाबूत आहे: 'तार', तो उडाला, 'सार', तो झाला. क़-चीही गोष्ट अशीच. माल्टात आणि कैरोत दोन्हीकडे क़ झिजून नुसता घशातला अडखळा उरला. अरबीत 'क़ल्ब' म्हणजे काळीज, 'कल्ब' म्हणजे कुत्रा. माल्टात काळजाचा स्वर तरीही 'आल्ब'मध्ये जाड राहिला आणि कुत्रा 'केल्ब' झाला. कैरोत मात्र क़ गेल्यावर स्वरही पातळ झाला. तिथल्या प्रेमगीतांत काळजाला 'ॲल्बी' म्हणतात, आणि आधीच्या क़-चा त्या स्वरात मागमूस नाही. आणि घर? ते माल्टात 'दार'. त्यात जाड व्यंजन मुळात नव्हतंच. आ टिकून राहायला शेजारचा र पुरला.